न्हाणीमागचा गोडलिंब

आमच्या घरात फुलपाखरांचं खातं यांच्याकडे होतं. हे जानेफळच्या शाळेत मास्तर. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि यांना परसातही काहीतरी नवं घडवायचं होतं. म्हणून झेंडूचे वाफे. निंदायचं मी, पाणी घालायचं मी, आणि अनोळखी पाखरू दिसलं की वहीत टिपायचं यांनी. एकदा निंदताना मला लाल ठिपक्यांचं एक मोठं काळं फुलपाखरू दिसलं. त्याचं नाव गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. यांनी त्याला 'सभापती' म्हटलं, कारण ते कुठंच फार वेळ बसत नव्हतं.

ही पाखरं आपल्या झेंडूमुळे येतात, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी मान डोलवत असे. बायकोनं नवऱ्याचं शास्त्र मोडू नये.

खरी गोष्ट वेगळी होती. सासऱ्यांचा जीव कागदी लिंबाच्या झाडावर. त्याच्यावरच्या अळ्या रोज सकाळी वेचून चिरडायच्या, हे काम सुनेचं. हुकूम सासऱ्यांचा, बजावणी सासूबाईंची. पहिल्याच दिवशी मी दगड उचलला, तर त्या बोटभर अळीनं डोक्यातून दोन लाल शिंगं काढून मला दाखवली. माझ्याच्यानं दगड मारवेना. तेव्हापासून मी अळ्या पदराखाली झाकून न्यायची आणि न्हाणीमागच्या गोडलिंबावर, म्हणजे कढीपत्त्यावर, सोडायची. सभापती तिथं जन्माला येत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे उघडकीला आलं तर मला माहेरी धाडतील, अशी खरोखरच धास्ती होती.

अळ्यांनी गोडलिंब पार बोडका केला. यांनी लगेच रोग ओळखला. चिखलीहून पावडर आणली, तोंडाला रुमाल बांधला आणि निघाले.

यांना अडवू शकेल असं घरात एकच माणूस होतं आणि मी नेमकी त्यांनाच भीत होते. तरी चुलीपाशी गेले.

"आत्याबाई, रोग नाही तो. अळ्या म्याच सोडल्या तिथं. मारायची हिंमत नाही झाली माही."

सासूबाईंनी हातातली भाकर तव्यावर टाकली, उठल्या, परसात गेल्या.

"त्या झाडाले हात लावू नको. मले चटणीले पाला लागते."

"पाला आहे कुठं, आई?"

"म्हणून तं सांगून राह्यली, राहू दे."

मास्तर पावडर घेऊन परतले. सासूबाई पुन्हा चुलीशी बसल्या. भाकर एका अंगानं करपली होती. ती त्यांनी स्वतःच्या ताटात ठेवली.

"गोडलिंब तिकडं मागं काऊन लावला म्या? तुह्या सासऱ्यानं मले बी हेच काम देलं होतं."

त्यांनी दुसरा गोळा हातात घेतला.

"पंधरा वर्सं पदराखाली नेल्या अळ्या. तुले सांगायले मी तरी होती. मले कोणीच नव्हतं."