पुढच्या भागात चांदी येईल

आमची आत्या गाठ मारायची नाही. पिठाच्या पिशवीला नाही, सरपणाच्या मोळीला नाही, माझ्या वेणीच्या रिबिनीलासुद्धा नाही. अगदीच वेळ आली तर सरकगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. शाळेत पोचेपर्यंत माझ्या वेण्या मोकळ्या व्हायच्या आणि बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या. दुसऱ्याने मारलेली गाठ दिसली तर आत्या जाता जाता तीही सोडायची. जिंतूरच्या बाजारात भाजीवाल्या तिला ओळखून होत्या. ती दिसली की मेथीच्या जुड्यांवर हात ठेवून बसायच्या.

ती आधी अशी नव्हती, असं आई सांगायची. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली आणि आमच्या वस्तीतली घरं जळाली, तेव्हापासूनचं हे. मी तेव्हा फार लहान होते. गावाचं नाव सांगत नाही, आता तिथे आमचं येणंजाणं आहे. एका गोधडीत मावतील तेवढी भांडी घेऊन आम्ही जिंतूरला आलो. बाबा जिनिंगवर हमाली करू लागले, आई रोजाने खुरपायला जाऊ लागली. कापसाचा हंगाम सरला की चूल एकवेळच पेटायची. पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे, आणि बाबांची धाकटी बहीण म्हणजे आत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गावाकडे तिच्या शेळ्या होत्या, तोच तिचा संसार.

आग लागली तेव्हा दिवस मावळत होता. सगळे बाहेर पळाले आणि आत्या उलटी शेळ्यांच्या छपराकडे गेली. एकेकीचं दावं सोडत शेवटच्या खुंटीपाशी पोचली. तिथे चांदी होती. अंगाने काळी, कपाळावर पांढरा ठिपका. तेवढ्यात बाबांनी आत्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि छप्पर खाली आलं. शेळ्या रानात पांगल्या त्या पांगल्याच, एकही परत मिळाली नाही. "हाताला सुंभ लागलता, येवढं ध्यानात हाय," आत्या म्हणायची. "मंग दादानं वढलं. गाठ सुटली का न्हाई, ते ध्यानात न्हाई माय." इतकंच सांगायची, आणि बोटं हवेत गाठ सोडल्यासारखी हलवत राहायची. झोपेतही हलवायची.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला स्टँडजवळच्या सलीमभाईंनी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत टीव्ही आणि व्हिडिओ गेम आणून बसवला. आठ आण्याला एक डाव. आत्या तिथे झाडलोट करायची आणि नंतर दाराशी पोतं टाकून बसायची, पोरांच्या पाळ्या लावायची. सगळ्यात जास्त चालायची ती एक पिवळी कॅसेट. तिच्यावरचं नाव कुठल्या परक्या लिपीत होतं, ते कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून पोरं त्या गेमला नुसतं 'जनावरं' म्हणायची. हातात जाळी घेतलेला एक माणूस रानातून, तळ्याकाठून चालायचा, नाही नाही ती जनावरं धरायचा आणि एका वाड्यात नेऊन कोंडायचा. त्या वाड्याला पोरांनी कोंडवाडा नाव दिलं होतं. ज्याचा कोंडवाडा भरला तो त्या दिवसाचा राजा. पडद्यावर अक्षरं यायची, पण ती वाचणार कोण? त्या खोलीत कॉलेजातली मी आणि अंगठा लावणारी आत्या सारख्याच.

आत्याने गेमची बटणं कधी हातात धरली नाहीत. ती फक्त बघायची, आणि तेही सगळे बघतात तिकडे नाही. पोरांचे डोळे जाळीवर, हिचे पार मागच्या झाडीवर. तळ्याच्या काठी एक करडा दगड होता. एकदा ती म्हणाली, "त्यो धोंडा न्हाई. दम घ्यायलाय त्यो. फुडच्या भागात त्येला धरावं लागंल." पोरं हसली. काही महिन्यांनी हैदराबादहून दुसरा भाग आला. जुनी जनावरं होतीच, आणि तळ्याकाठचा तो दगड डोळे उघडून उठला. बेडूक होता, बैलाएवढा. सलीमभाईंनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

तेव्हापासून ती 'फुडची आत्या' झाली. वडाच्या ढोलीतल्या दोन पिवळ्या टिकल्यांचं घुबड होणार, हे तिने आधीच सांगितलं आणि तिसऱ्या भागात ते झालं. कसं कळतं म्हणून विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं: "मागं हुबं ऱ्हातंय त्ये फुडच्या भागात फुडं येतंय. त्येला कुणी तरी बघत ऱ्हावं लागतंय, बस." उंटाचं मात्र चुकलं. उंट येणार म्हणाली होती, आलाच नाही. खेळायला येणारा एका वकिलाचा मुलगा रोज विचारायचा, आत्या, उंट कुठवर आला? आत्या म्हणायची, "पायी यायलाय लेकरा. हैदराबाद लांब हाय."

तिची दुसरी सवय मला आवडायची नाही. टीव्ही बंद केला की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा आणि बारीक होत होत जायचा. सगळ्यांच्या टीव्हीला व्हायचं ते. आत्या तो जाईपर्यंत उठायची नाही. दुकान बंद करायची वेळ, सलीमभाई कुलूप घेऊन उभे, मी तिला न्यायला आलेली, आणि ही काळ्या काचेकडे बघत बसलेली. एकदा मी चल म्हणाले तर हळू आवाजात म्हणाली, "थांब, अजून गेली न्हाई ती." 'गेली' म्हणाली. ठिपका कधीपासून बाई झाला, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या भागात शेवटच्या तळ्यामागे एक टेकडी होती. त्या टेकडीवर, पार वर, काहीतरी काळं होतं आणि त्यात एक पांढरा कण. आत्याने ते पाहिलं आणि पोत्यावरून उठून टीव्हीजवळ गेली. ती कधी उठत नसे, म्हणून पोरांनी डाव थांबवला.

"चांदी हाय," ती म्हणाली.

सलीमभाईंना आमच्या घराची सगळी कहाणी ठाऊक होती. ते फडकं घेऊन आले आणि म्हणाले, "आपा, काच पे का डाग है वो. अभी पुसतो." त्यांनी काच पुसली. मग पोराला डाव पुढे न्यायला सांगितला. माणूस चालू लागला तशी टेकडी मागे सरकली, आणि टेकडीबरोबर तो कणही सरकला. सलीमभाई फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"फुडच्या भागात येती ती," आत्या म्हणाली. "गळ्यात दावं असंल. खुट्यापासून सुटलेलं असंल तर मागं वढत येईल. आन् गळ्याशीच जळून गेलेलं असंल तर दिसायचंच न्हाई. मला तेवढंच बघायचंय."

मग चौथ्या भागाची वाट बघणं सुरू झालं. सलीमभाई हैदराबादहून माल घेऊन परतले की ती विचारायची. तिथला व्यापारी म्हणायचा, चौथा निघालाच नाही, निघणारही नाही. हे ऐकून आत्या नुसती मान हलवायची. घरी बाबा चिडायचे. शेळी गेली त्याला किती वर्षं झाली, असलं खूळ डोक्यात ठेवू नको म्हणायचे. पण राखेत त्यांनी काय पाहिलं होतं, हे त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा शिक्षण सोडायच्या बेतात होते. इंग्रजीत नापास झाले होते, आणि वर्गात नामांतराचा विषय निघाला की चार डोकी वळून माझ्याकडे बघायची. आत्याने विचारलं, वर्गात कुठं बसतीस? मी सांगितलं, मागच्या बाकावर, भिंतीपाशी. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती समाधानाने म्हणाली, "मंग बरं हाय. फुडच्या भागात येशील. तवर हालू नको तिथनं." मी हलले नाही. इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला आणि पास झाले.

अखेर विद्यापीठाचं नाव बदललं. आमच्या गल्लीत निळे झेंडे लागले, बाबा भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. आत्या तोपर्यंत अंथरुणाला खिळली होती. तिला छातीचं दुखणं होतं. मी तिला बातमी सांगितली तर म्हणाली, हे तर दिसतच होतं, किती वर्षं मागं उभं होतं ते. मग विचारलं, "चौथा आला का?"

नव्हता आला. उन्हाळा लागता लागता आत्या गेली.

तिरडी बांधायला शेजारचे लोक सुंभ घेऊन आले. बाबांनी त्यांच्या हातातून सुंभ घेतलं आणि कुणालाही हात लावू दिला नाही. सगळ्या गाठी स्वतः मारल्या. मी जवळून पाहिल्या. सगळ्या सरकगाठी होत्या.

त्यानंतर, शेवटच्या वर्षाच्या निकालाची वाट पाहत होते तेव्हा, सलीमभाईंनी एका दुपारी मला बोलावून घेतलं. चौथा भाग आला होता. पोरांना त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. दाराशी आत्याचं पोतं तसंच होतं. त्यांनी गेमची बटणं माझ्या हातात दिली, मी पहिल्यांदाच धरली.

टेकडी आता पुढे आली होती. तिच्या उतारावरून एक काळी शेळी उतरत आली. कपाळावर पांढरा ठिपका, गळ्याखाली एक बारीक रेघ. सलीमभाई घाईने म्हणाले, दाढी आहे, बकरीला दाढी असते. मी जाळी टाकली. शेळी बाजूला झाली आणि पळाली. ती पळाली तशी ती रेघ लांब झाली आणि तिच्या मागून जमिनीवर घासत गेली.

मी पुन्हा जाळी टाकली नाही. शेळी फिरून आली, पडद्याच्या अगदी पुढे येऊन थांबली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. पोत्याकडे. इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि मधोमध तो ठिपका उरला. बटण बंद केल्यावर राहतो तसा तो विझेल म्हणून आम्ही थांबलो. विझला नाही. हळूहळू दाराच्या बाजूला सरकत गेला, काचेच्या कडेपर्यंत, आणि तिथून गेला. सलीमभाईंनी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मी शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पाहिलं ते लिहिलं.

लाईट आल्यावर सलीमभाईंनी तो भाग पुन्हा लावला. त्यात टेकडी होती, तळं होतं, इतर सगळी जनावरं होती. शेळी नव्हती. पुढे पोरांनी कितीदा कोंडवाडा भरला, पण ती कुणालाच दिसली नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, दावं मोकळं होतं, मागून ओढत येत होतं. बाबा म्हणाले, "म्या राख बघाया गेलोच न्हवतो पोरी. भ्या वाटलं." आणि थोड्या वेळाने, "सुटली हुती म्हण की."

त्याच महिन्यात निकाल लागला. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि माझ्या पदवीवर विद्यापीठाचं नवं नाव आहे.