चाळीस नंबरचा तंगूस

जेवणं आटोपून मी ओटीवरच्या बाकड्यावर जरा कलंडते. पंख्याची घरघर हळूहळू पाण्यासारखी व्हायला लागते. उशाशी तंगुसाची, मासे गरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याची, दोन रिळं आहेत. एक पंचवीस नंबरचं, केसासारखं बारीक. दुसरं चाळीस नंबरचं, दाभणात ओवावं इतकं जाड. यातलं कुठलं काठीला बांधू, हे ठरवता ठरवता पापण्या जड होतात.

उद्या ह्यांचा पहिला म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. आमच्या वाडीत म्हाळाच्या पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात, आणि ह्यांना आवडायचा तो एकच मासा: नदीतल्या खोल कोंडाच्या वरच्या धारेतला खडस. मुलगा म्हणाला, "आई, बाजारातून सुरमई आणू. बाबा काय परत पाठवणार आहेत?" मी म्हटलं, त्यांच्याच काठीनं मी गरवून आणते. त्याला तीन दिवस झाले. पहिले दोन दिवस बारीक तंगूस तुटला, गरीसकट गेला. म्हणून काल जाडा आणला. तो तुटला नाही; पण मासा कधी आला, गरीवरचा किडा कधी खाऊन गेला, बोटाला कळलंच नाही. आता आजची संध्याकाळ तेवढी उरलीय.

"हा कुठला दोर आणलास? रेडा बांधायचाय?"

मी डोळे उघडत नाही. उघडले तर हे जातील, एवढं झोपेतसुद्धा समजतं.

"वर्षानं भेटताय," मी म्हणते, "आणि पहिलं बोलणं तंगुसाचं?"

"मग कशाचं बोलू? तीन दिवस माझी काठी वापरतेयस. न विचारता."

"विचारू कुणाला? पत्ता ठेवून गेलात?"

आम्ही तालुक्याच्या दुकानात उभे आहोत. फळीवर रिळंच रिळं, आणि दुकानदार पाठ करून वजनं पुसतोय. हे एकेक रीळ उजेडाकडे धरतात, वीतभर दोरा सोडवतात, कानाशी नेऊन टिचकी मारतात आणि नाक मुरडून परत ठेवतात. जिवंतपणी हेच करायचे. मी बाहेर बाजाराच्या पिशव्या धरून उभी, एसटी निघून गेलेली, आणि हे टिचक्या मारतायत. दळताना मी ह्यांच्यावर ओवी रचली होती:

नदीमधे उभा कोण, बोटावर दोरा घेई
घरी पेज निवली गं, त्याला त्याचं भान नाही

"ऐकली होती ती," हे म्हणतात. "चाल बरी होती."

"मग एकदा तरी वेळेवर यायचंत!"

फळीखालून गार पाणी येतं. माझी पावलं भिजतात. दुकानाचं मागचं दार उघडून हे बाहेर पडतात, मी मागोमाग, तर ते आमचं परस. कपड्यांची दोरी नेहमीसारखी लोंबतेय, मधोमध माझं लुगडं जमिनीला टेकलंय.

"एकतीस वर्षं सांगतेय, ती दोरी ताणा म्हणून."

"ताणून काय उपयोग? दोरीच जाड. स्वतःच्या वजनानंच झोल पडतो तिला. तू ते टोक धर. मी इथं चिमटा काढतो. कळला?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. किती वेळ उभी राहू?"

हे खिशातून बारीक तंगूस काढतात, एक टोक माझ्या बोटावर ठेवतात आणि चालत चालत पार विहिरीपलीकडे जातात. मला दिसेनासे होतात. आणि बोटावर टुक् होतं. कोंबडीच्या पिल्लानं दाणा टिपावा तसं.

"कळला!" मी ओरडते.

"मासा एवढंच सांगतो," हे माझ्या शेजारीच उभे असतात. "एकदाच सांगतो. जाड दोरा ते मधल्या झोलातच गिळून टाकतो."

"पण बारीक तुटतो त्याचं काय?"

"कुठं तुटला?"

"नदीत."

"अगं बाई, नदीत कुठं ते नाही विचारत. दोऱ्यात कुठं?"

"गरीपाशी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

हे हसायला लागतात. खांदे हलवून, आवाज न करता. मला ह्या हसण्याची भारी चीड.

"तंगूस तुटलाच नाही. गाठ तुटली. कोरडी ओढलीस. दोरा दोऱ्यावर घासतो, तापतो, करपतो. मग मासा काय, शेवाळसुद्धा तोडेल."

"आणि हे मला एकतीस वर्षांत कधी सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं!" माझा आवाज फुटतो. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. डबा घेऊन आले होते धारेवर. म्हटलं, मला दाखवा. तुम्ही म्हणालात, मासे पळतील, घरी जा."

परसातलं पाणी गुडघ्यापर्यंत चढलंय. लुगडं दोरीवरून सुटून वाहत गेलंय. हे वाहत्या लुगड्याकडे बघत राहतात.

"तेव्हा अक्कल नव्हती."

"आणि आता?"

"आता मेलोय."

मला हसू येतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

हे खाली बसतात, पाण्यातच. पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून. गरीच्या नेढ्यातून तंगूस ओवतात, त्याच्याभोवती पाच वेढे घालतात, टोक मागे वळवून फटीतून काढतात. मग गाठ पानानं रंगलेल्या ओठांत धरतात, क्षणभर, तान्ह्याचं बोट धरावं तशी. आणि सावकाश ओढतात. वेढे एकमेकांना चिकटून बसतात.

"बघितलंस?"

"बघितलं."

"आता तू."

दुसरी गरी माझ्या तळहातावर येते. मी वेढे मोजते. एक, दोन, तीन...

"आई, चहा ठेवलाय," आतून सूनबाईची हाक.

पंखा घरघरतोय. उन्हं उतरलीत. बारीक तंगुसाचं रीळ माझ्या मुठीत आहे आणि त्याच्या सुट्या टोकाला एक गरी बांधलेली आहे. वेढे पाच. गाठ ओली. कडेला काताचा लालसर डाग. हे गेल्यापासून घरात कुणी विड्याचं पान लावलेलं नाही.

म्हणजे आजही बांधली ती ह्यांनीच.

मी ती गाठ गरीसकट कापून डबीत ठेवते. नवी गरी घेते. सूनबाई चहा घेऊन दारात येते, माझ्या दातांत धरलेलं दोऱ्याचं टोक बघते आणि कप खाली ठेवते. मी पाचवा वेढा घालते, गाठ ओठांत धरते, आणि सावकाश ओढते.