कंपनीतली सर्व्हिसिंग आणि आमच्या व्हॅनचं फिटनेस

माझ्या लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही हिंदी. मराठी लिहायला आईने घरी शिकवलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. पण बोलताना मी जेवढी अडते तेवढी लिहिताना अडत नाही.

आम्ही खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहतो. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. आमच्या यांची शाळेच्या मुलांची पिवळी व्हॅन आहे, तिच्यावर घर चालतं. जाऊ इंदरगंजला ऑफिसात जाते, स्वतःची कार स्वतः चालवत. ती कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गेली की संध्याकाळी जाऊ सांगते, "वहिनी, एसीत बसवतात. कॉफी देतात. काचेतून आपल्या गाडीचं काम बघत बसायचं." कार परत येते ती धुऊन-पुसून, आत सुगंध मारून. मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघते. मला कॉफी आवडत नाही, तरी जळायचं ते जळतंच.

हे आमच्या व्हॅनचं ऑइल नया बाजारच्या मिस्त्रीकडे उभ्या उभ्या बदलून घेत. पैसे बाजूला ठेवायचे ते फिटनेससाठी. गाडी धड असल्याचा तो सरकारी दाखला दरवर्षी आरटीओतून घ्यावाच लागतो, त्याशिवाय व्हॅनमध्ये मुलं बसवता येत नाहीत.

यंदा फिटनेसची तारीख जवळ आली तेव्हा मी म्हटलं, "आपली पण कंपनीत सर्व्हिसिंग करू या."

"का? तुला चालवायची आहे?" हे हसले.

"तिथे सगळं तपासून कागद देतात. तोच आरटीओच्या साहेबाला दाखवा."

मी कधी काही मागत नाही, म्हणून मागितलं की यांना नाही म्हणता येत नाही. शिवाय मला वाटतं, त्यांनाही एकदा त्या एसीत बसायचं होतं. बाजूला ठेवलेले पैसे तिथेच संपले. व्हॅन घरी आली तेव्हा अशी चमकत होती की मी मुद्दाम जिन्याशी जाऊन उभी राहिले. जाऊ ऑफिसातून यायची वेळ होती. "अरे वा," एवढंच म्हणून ती वर गेली.

आरटीओत व्हॅन नापास झाली. वेगाला लगाम घालणारं यंत्र बंद, मागची चमकपट्टी उखडलेली, आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपलेली. यांनी कंपनीचा कागद पुढे केला. साहेबाने तो बघितला आणि परत दिला. "भैया, तेल-पानी आपका मामला है. हमें तो ये देखना है कि बच्चे बैठेंगे कि नहीं." कंपनीवाल्यांनी इंजिन नव्यासारखं केलं होतं. बाकीचं त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

जुन्या फिटनेसची मुदत संपली आणि व्हॅन गल्लीत उभी राहिली. दोन मुलांच्या आयांनी दुसऱ्या व्हॅनवाल्याशी बोलणंही करून टाकलं. महिना असा गेला असता तर सगळीच मुलं गेली असती. दीर जिन्यावरून म्हणाले, "वहिनी, कॉफी कैसी थी फिर?" मी पदर ओढून आत गेले.

जाऊ मात्र खाली आली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "दादा, सर्व्हिसिंग आपण आपल्या गाडीसाठी करतो," ती यांना म्हणाली. "फिटनेस सरकार मागतं, कारण तुम्ही भाडं घेऊन मुलं नेता. आमच्या कारला पंधरा वर्षं तरी कोणी विचारणार नाही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिच्या गाडीचे लाडही व्हावेत आणि तिला कोणी अडवूही नये, याचा मला इतका राग आला की भाजी करपली. जाऊने तिथेच फोनवरून यांच्या खात्यात पैसे टाकले. यंत्र बसलं, पट्टी लागली, सिलिंडर आला, व्हॅन पास झाली. त्या दोन आयाही परतल्या.

पैसे फेडायचं मी माझ्या अंगावर घेतलं. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायला लागले. जाऊही आपल्या साड्या आणून देई, भारी भारी, आणि मजुरी रोख देई. म्हणजे तिचेच पैसे घेऊन मी तिचं देणं फेडत होते. त्या साड्यांवरून हात फिरवताना मला काय वाटे ते लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचे पैसे घेऊन मी स्वतः वर गेले. "अहो वहिनी, एवढी काय घाई होती," म्हणत तिने ते न बघताच पर्समध्ये टाकले. न मोजता पैसे ठेवता येतात, याचाही मला हेवा वाटला. मी दारातून हलले नाही.

"आधी मोज," मी म्हटलं. तिच्याशी एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

तिने पर्स उघडून नोटा मोजल्या. पूर्ण होत्या.