बिनजाळाची शेगडी

लग्न होऊन मी वर्ध्याहून भिलाईला आले तेव्हा पत्त्याच्या शेवटी अजून ‘मध्य प्रदेश’ लिहावं लागे. सासरचं घर रिसालीत होतं. सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामाजी, स्टील प्लांटमधून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पण घरी बसणं त्यांना दोन महिनेही जमलं नाही. हथखोजच्या एका लहानशा फाउंड्रीत ते भट्टी सांभाळायला जाऊ लागले. भट्टी इंडक्शनची होती; कोळसा नाही, जाळ नाही, नुसत्या विजेवर लोखंड, पितळ वितळवायची. ती आपल्याशिवाय कोणाचं ऐकत नाही असं मामाजींचं ठाम मत होतं. घरात त्यांचं फारसं कोणी ऐकत नसल्यामुळे त्या भट्टीवर त्यांचा फार जीव होता.

मला येऊन चारेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी मामाजी स्कूटरवर पायांशी एक खोकं उभं करून आले. फाउंड्रीच्या मालकाने परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून स्वयंपाकाची इंडक्शन शेगडी आणली होती. त्याच्या बायकोने ती आठवडाभर वापरून पाहिली आणि परत खोक्यात घातली. मग मालक मामाजींना म्हणाला, “आप भट्टीवाले आदमी हैं, आप ही सँभालिए.” हे वाक्य मामाजींनी आम्हाला त्या संध्याकाळी तीन वेळा ऐकवलं.

शेगडी म्हणजे एक काळी गुळगुळीत काच, तिच्यावर पांढरा गोल, आणि पुढे एक ते सात आकड्यांचं बटण. सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “याच्यात जाळ कुठून निघते?”

“जाळ नाहीच न! तेच तर सांगून राहिलो.” मामाजी खुर्ची ओढून बसले. “काच नाही तापत, हवा नाही तापत. भांडं आपलं आपणच तापते.”

“मंग भांडंच आणा लागत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “शेगडी कायले आणली?”

मामाजींनी त्याकडे दुर्लक्ष केलं. गोल पायांचा परदेशी प्लग कापून त्यांनी आपला जाड तीन पिनांचा लावला, टेस्टरने अर्थिंग तपासलं, ओट्यापुढे रबराचा तुकडा अंथरला आणि आम्हा दोघींना त्यावर उभं केलं. मग मला म्हणाले, “ठेव पोरी, चहा ठेव.”

मी रोजच्या चहाची अ‍ॅल्युमिनियमची पातेली ठेवली. बटण फिरवलं. शेगडी टुकटुक वाजू लागली, लाल दिवा उघडझाप करू लागला, आणि पाणी होतं तसंच थंड राहिलं. मामाजींनी पातेली उचलून पितळेचं भगोणं ठेवलं. पुन्हा टुकटुक. मग स्टीलचा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं. तरी टुकटुक.

“नाराज दिसते,” सासूबाई म्हणाल्या.

मामाजींचा चेहरा लाल झाला. “फॅक्टरीत मी पितळ वितळवून राहिलो, आन् इथं चहा नाही होऊन राहिला! कावून?”

तेवढ्यात माझे यजमान ड्यूटीवरून आले. ते प्लांटमध्येच होते. त्यांनी दाराशी उभं राहून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बाबा, तीस वर्षं स्टीलमध्ये काढली तुम्ही, आन् स्टीलचा गंज ओळखत नाही तुमाले?” मामाजींनी त्यांना हातपाय धुवायला पाठवलं. चहा त्या दिवशी गॅसवरच झाला.

खोक्यातली पुस्तिका मामाजींनी रात्रीच्या जेवणाआधी वाचून काढली. चित्रं होती म्हणून बरं. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं तरच ते या शेगडीवर चालतं, असा त्यातून अर्थ निघाला. दुसऱ्या दिवशी ते फाउंड्रीतून एका जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन आले आणि मांडणीवरची भांडी एकेक करून तपासू लागले. आमच्या घरची स्टीलची भांडी चुंबकाला अजिबात दाद देईनात. शेवटी दोनच चीजा चिकटल्या. एक लोखंडी कढई, पण तिचं बूड गोल. काचेवर ती पाळण्यासारखी झुलायची. दुसरा सासूबाईंचा लोखंडी तवा. तो सपाट होता, वीस वर्षं वापरून काळाभोर आणि गुळगुळीत झालेला.

तव्यावर शेगडी चालली. टुकटुक नाही, काही नाही. नुसता आतल्या पंख्याचा बारीक आवाज. पुढच्या सकाळी आम्ही पहिली धिरडी केली. मामाजी ताट घेऊन ओट्याजवळच उभे राहिले आणि प्रत्येक धिरड्याला ‘पाहा’ म्हणत राहिले, जणू ते त्यांनीच वाटलं, भिजवलं आणि उलटवलं होतं.

दोन दिवसांनी मी एकटीच स्वयंपाकघरात होते. गॅसची सवय अशी की तवा आधी चांगला तापू द्यायचा. मी कोरडा तवा ठेवला, बटण थेट सातवर नेलं आणि पीठ आणायला मागच्या खोलीत गेले. तिथे कोथिंबीर निवडत जरा जास्तच वेळ बसले. परत आले तेव्हा तव्यातून निळसर धूर निघत होता आणि ‘टण्ण’ असा आवाज झाला. धावत जाऊन बटण बंद केलं. तवा निवल्यावर पाहिलं, तर मधोमध फुगवटा. ओट्यावर ठेवला की डावीकडून उजवीकडे डुलायचा.

नवीन सून, आणि सासूचा तवा वाकवला. मी तो पदराखाली घेऊन उभी असतानाच मामाजी आत आले. त्यांनी तवा हातात घेतला, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिला आणि हळूच विचारलं, “सातवर?”

मी मान हलवली.

“खाली भांडं, कोरडं, सातवर नाही ठेवाचं. मिनिटात लाल होते. मीच सांगतलं नाही तुले.” आणि मग सासूबाई आल्याबरोबर मोठ्याने म्हणाले, “हे पाहा, माह्याच्यानं तवा वाकला. मी सातवर ठेवला होता.”

सासूबाईंनी तवा ओट्यावर ठेवला, बोटाने एकदा डुलवला. मग माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “तुमच्यानं?” त्या म्हणाल्या. “तुमाले त्या बटनाचे आकडे पाहाले चष्मा लागते, आन् चष्मा सकाळपासून माह्यापाशी आहे.” त्यांनी कमरेला खोचलेला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि धुणं वाळत घालायला निघून गेल्या. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटात ठेचा जरा सढळ हाताने वाढला, आणि तो तिखट इतका होता की मी रडले ते कशाने, हे कोणी विचारलं नाही.

त्या प्रसंगानंतर मामाजींनी पुठ्ठ्यावर नियम लिहून ओट्याच्या वर लटकवले. प्लांटमध्ये मशीनजवळ लावतात तसे, वर लाल अक्षरांत ‘सावधान’. रिकामं भांडं सातवर ठेवू नये. भांड्याचं बूड सपाट आणि पांढऱ्या गोलाएवढं असावं. तेल तीनच्या वर तापवू नये. शेगडीखालच्या जाळ्या झाकू नयेत. भांडं उतरवल्यावर काच गरमच असते, तिला लगेच ओलं फडकं लावू नये. आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नये. आणि शेवटी, ‘शेगडी चालू असता जागा सोडू नये.’ हा नियम कोणासाठी होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंनी पुठ्ठा वाचला आणि विचारलं, “मंग चालवाचं परमिट कुठं मिळते?”

आता भांड्यांचा प्रश्न उरला. रविवारी मामाजी मला घेऊन पावर हाउसच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात त्यांनी खिशातून ते चुंबक काढलं आणि मांडून ठेवलेल्या भांड्यांच्या बुडांना लावत सुटले. दुकानदार थोडा वेळ पाहत राहिला. मग नम्रपणे म्हणाला, “बाबूजी, चुंबक लगाकर तो कबाड़ी माल लेते हैं. आप ख़रीदने आए हैं या तौलने?”

मी पदर तोंडाला लावला. मामाजींनी त्याला इंडक्शन समजावून सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर दुकानदार म्हणाला, “तो गैस में क्या दिक़्क़त है?”

त्या दिवशी आम्ही तीन दुकानं पाहिली. जे चिकटायचं ते पत्र्यासारखं पातळ असायचं, जे जाड असायचं ते चिकटायचं नाही. येताना घराच्या वळणावर मामाजी स्कूटरवरूनच एकदम म्हणाले, “ओतूनच घेतो.”

आठ दिवसांनी फाउंड्रीतून एक बिडाचं पातेलं आलं. फाउंड्रीतली दोन माणसं ते टेम्पोतून उतरवून देऊन गेली. बूड लेथवर घासून आरशासारखं सपाट केलेलं, दोन्ही बाजूंना जाड कान. मला ते ओट्यावरून जेमतेम इंचभर उचलता आलं. मामाजींनी आणि माझ्या यजमानांनी दोन कान धरून, “हळू, हळू, काच आहे,” म्हणत ते शेगडीवर उतरवलं. पाणी झकास उकळलं. तुरीची डाळ अशी शिजली की घोटावी लागली नाही. पण डाळ वाढायची वेळ आली तेव्हा सासूबाई दारात उभं राहून म्हणाल्या, “झाला स्वयंपाक. आता क्रेन बोलवा.”

मामाजी तेव्हा हसले नाहीत. पण दुसरं पातेलं त्यांनी निम्म्या जाडीचं ओतवलं, कडा गोल करून घेतल्या, आणि वरून झाकणही. ते मला एका हाताने उचलता यायचं. पुन्हा पुन्हा तेल लावून तापवून मी ते काळं केलं. हळूहळू माझा हात बसला. उकळी येईपर्यंत पाच, मग दोनवर आणून झाकण ठेवलं की भात आपला आपण व्हायचा. फोडणीला तीन. दुधाला एक.

सासूबाई मात्र त्या शेगडीला हात लावत नसत. त्या गॅसवर आणि मी शेगडीवर, असे आम्ही एकाच ओट्यावर दोन संसार चालवत होतो. मामाजींना ते लागायचं.

मग मे महिना आला. भिलाईतला मे ज्याने काढला त्याला सांगायला नको. आमच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. लावला तरी गॅसची ज्योत हलते म्हणून चालवता आला नसता. सासूबाई पोळ्या करून बाहेर यायच्या तेव्हा पातळ अंगाला चिकटलेलं असायचं. एका सकाळी मी अंघोळ करून आले तर ओटा रिकामा. शेगडी नाही, पातेलं नाही. समोरच्या खोलीत पाहिलं. सासूबाई छताच्या पंख्याखाली पाटावर बसलेल्या, पुढ्यात दुसऱ्या पाटावर शेगडी, पंखा पाचवर, आणि पातेल्यात वांग्याची भाजी रटरटतेय.

“आई!” मी म्हटलं.

“ज्योतच नाही तं हलन काय?” त्या म्हणाल्या. “भांडंच तापते न? मंग पंखा लावाले काय झालं? एवढं सोपं, आन् कोणी सांगतलं नाही.”

मामाजी पेपर घेऊन तिथेच सोफ्यावर बसले होते. जमिनीवर शेगडी, जवळ रबर नाही, वायर खोलीभर पसरलेली. त्यांचे निम्मे नियम मोडले होते. त्यांनी उठून वायर भिंतीच्या कडेने सरकवली, पाटाखाली रबराचा तुकडा आणून ठेवला आणि परत पेपर उचलला. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

पुढे पुढे शेजारच्या बायका पाहायला येऊ लागल्या. सासूबाई त्यांना समजावून सांगत: बूड सपाट पायजे, खाली भांडं ठेवाचं नाही, जाळीपाशी हवा खेळली पायजे. कोणी विचारलं की हे तुमाले कोणी शिकवलं, तर त्या म्हणायच्या, “शिकवा काय लागते? पाहून पाहून येते.” मामाजी आतल्या खोलीतून खाकरायचे.

शेगडी चार उन्हाळे चालली. मग एका दुपारी व्होल्टेज एकदम चढलं, आत ‘फट्’ झालं आणि जळका वास आला. मामाजींनी ती उघडली, दोन दिवस तिच्याकडे पाहिलं, फाउंड्रीतल्या पोरांनाही दाखवली. पार्ट इथे मिळणार नव्हता. त्यांनी स्क्रू परत घट्ट केले आणि ती पुसून ठेवली.

त्या संध्याकाळी सासूबाई पुन्हा गॅससमोर उभ्या राहिल्या. मी कणीक मळत होते. मामाजी आत आले, दाराला टेकून उभे राहिले आणि पेपरची घडी करून सासूबाईंना वारा घालू लागले.

“ज्योत हलून राहिली,” त्या न वळता म्हणाल्या.

मामाजी थांबले. पोळी फुगून उतरली, दुसरी तव्यावर पडली. मग ते जरा बाजूला सरकले, कोन बदलला, आणि हळूहळू पुन्हा वारा घालू लागले. सासूबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली.