चंद्रावरच्या मातीची चव

आधी चहा संपवा, मगच सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल! माझ्या जिभेनं एकदा असा काही घोळ घातलाय, की विचारू नका.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कारंजा गावाच्या पुढे एका टेकडीवर उपग्रहांवर नजर ठेवणारं केंद्र होतं. आभाळाकडे तोंड करून बसलेली ही एवढी मोठी पांढरी थाळी, आणि शेजारी दोन खोल्यांचं अंतराळाचं संग्रहालय. आमचे जावई तिथे हंगामी नोकरीत होते. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांचे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते. म्हणून तर आम्ही नवराबायको बघायला निघालो, तेव्हा पोरीनं मला दमच भरला.

"बाबा, थ्या साहेबासमोर तोंड बंद ठेवजा!"

आता तुम्हीच सांगा, आंजी गावात तीस वर्षं वांगी पिकवणारा माणूस संग्रहालयात तोंड उघडून करणार काय?

रॉकेट पाहिलं, अंतराळवीराचा तो फुगीर पोशाख पाहिला. दुसऱ्या खोलीत मात्र पाय थबकले. मोठ्या लाकडी चौकटीत राखाडी माती पसरलेली, तिच्यात खड्डे, आणि मधोमध चार पायांचं पत्र्याचं यान. यानाकडे कोण बघतो? मी माती बघितली.

परकी माती दिसली की शेतकऱ्याचा हात थांबतो का हो? उचलली चिमूट, चोळली, हुंगली, आणि सवयीनं ठेवली जिभेवर. थू!

"जावईबापू, इच्यात काई दम नाई," मी खोली दणाणेल असा निकाल दिला. "खारी हाय. वांगं सोडा, गाजरगवत नाई येनार. ज्याचं हे वावर असन, थो मानूस येडा हाय येडा!"

जावयांचा चेहरा पांढराफटक! ते दाराकडेच बघत राहिले. तेवढ्यात बायकोनं भिंतीवरची पाटी वाचली.

"अवो, चंद्रावरची जमीन लिवलं हाय इथं! तुमी चंद्र खाल्ला!"

ज्या मातीसाठी माणसं जीव मुठीत धरून एवढ्या लांब गेली, ती मी कोपऱ्यात थुंकून टाकली होती! आता पोटात काय उगवेल? आणि जावयांची नोकरी? वर बघतो तर दारात साहेब उभे. पोरीची ताकीद गेली कुठच्या कुठे.

"साहेब, जवायाची नोकरी घेऊ नका जी!" मी हातच जोडले. "चंद्र म्या खाल्ला. त्याइचा काई गुन्हा नाई."

"किती खाल्ला?"

"चिमूटभर जी. अर्धा थुकला."

साहेब हसत हसत स्टुलावरच बसले. "अहो काका, चंद्रावरची खरी माती आम्हाला कोण देणार? हा नुसता देखावा आहे. तशी राखाडी माती कुठे मिळेना, तेव्हा तुमच्या जावयांनीच पोतंभर शोधून आणली. असा कामाचा माणूस सोडतो का कुणी? सकाळीच सही केली मी त्यांच्या कागदावर."

हुश्श! जीव भांड्यात पडला. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही!

"काऊन जावईबापू, कुठून आनली असली भिकार माती?"

जावई आपल्या पायाचे अंगठे बघू लागले.

"मामाजी, दिवाईत आलतो नं... तुमच्याच वावरातून. विहिरीजवळचा कोपरा."

त्या कोपऱ्यात सात वर्षं वांगी धरत नव्हती. आणि सात वर्षं मी वर्ध्याच्या बियाणेवाल्याशी भांडत होतो, की तू बी खराब देतोस! घरच्या मातीची चव कोण घेऊन बघतो?

परतीच्या एसटीत बायकोनं अगदी गरीब चेहरा करून एवढंच विचारलं,

"अवो, थो येडा मानूस कोन म्हनलं होतं तुमी?"