मशीन आणि तंबोरा

बाळांनो, माझ्या कानाची मशीन ज्याने बसवली त्याचं दुकान लातूरला कोचिंग क्लासच्या पाट्यांआड दडलेलं आहे. तो भजनात पेटी वाजवतो. गिऱ्हाइकाने ओठ वाचून फसवू नये म्हणून दुकानात वही तोंडापुढे धरूनच बोलतो.

मशीन लावली की तंबोरा बेसूर ऐकू यायचा. गाणं सुटणार या धास्तीने मी चारदा तक्रार केली.

"आज्जी, तंबोराच घेऊन या की."

रिक्षातून नेला. त्याने डोळे मिटून तारा छेडल्या आणि वही वर केली.

"मशीन चांगली हाय. तंबोराच लई दिवसांचा उतरलाय, आज्जी."

याच तंबोऱ्यावर मी शेजारच्या मुलींना गाणं शिकवताना बेसूर म्हणून रागावत आले होते. वहीआडून बोलला, तरी शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आला.