क्रांतीच्या आधीच्या मॅडम

मॅडमच्या वर्गात 'क्रांती' हा शब्द उच्चारायला बंदी होती. विषय होता हैतीचा इतिहास, म्हणजे गुलामांनी स्वतः उठून केलेल्या क्रांतीमुळे जग ज्याला ओळखतं, त्या देशाचा. पण मॅडम शिकवायच्या ते त्याच्या आधीचं. तेव्हा तिथे फ्रेंचांची वसाहत होती, ऊस आणि कॉफी जहाजांत भरून जात होती आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं मळ्यांवर राबत होती. "पुढे काय होणार हे त्या माणसांना ठाऊक नव्हतं," मॅडम पहिल्याच तासाला सांगायच्या. "तेव्हा तुम्हालाही ठाऊक नाही. जो पुढचं बोलेल, त्याने पुढच्या तासाला सगळ्यांसाठी खायला आणायचं."

मुलं चुकायचीच. चिप्स यायच्या, कुकीज यायच्या. एकदा बोलण्याच्या भरात मॅडमच चुकल्या आणि पुढच्या तासाला स्टीलच्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. मी हळूच विचारलं, "मॅडम, उपास?"

"उपास कसला, दंड आहे माझा," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे वळून त्यांनी साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याची गोष्ट सुरू केली. मळ्याच्या कडेला गुलामांना जमिनीचा तुकडा मिळायचा. मालकाला त्यांना पोसायचं नसायचं, म्हणून मिळायचा. त्यात ते हाच कंद लावायचे, रताळी लावायचे, आणि जास्तीचं पिकलं तर रविवारी बाजारात नेऊन विकायचे. मुलं ऐकत खिचडी खात होती. डबा रिकामा परत गेला.

मी त्यांची असिस्टंट होते. अमेरिकेत, पिस्कॅटवे नावाच्या गावात तीन मुलींबरोबर राहायचे आणि तिथून अर्ध्या तासावरच्या आमच्या छोट्या कॉलेजात पेपर तपासायचे. बोलण्याची वेळ शक्यतो येऊ द्यायचे नाही. पुण्यात इंग्रजी शाळेत असताना एक गोष्ट शिकले होते: माझं आडनाव ऐकलं की लोक क्षणभर थांबतात, मग आवाज जरा जास्तच गोड करून बोलतात. मॅडम थांबल्या नाहीत. आडनाव ऐकलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

त्या नागपूरच्या. कॉलेजात मॅडम, घरी गेलं की मावशी. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती. आमच्याही घरी अशीच आहे, एवढं सांगायला मला अख्खं सेमिस्टर लागलं.

"मला माहीत होतं वं," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या.

"मग विचारलं का नाही?"

"काहून विचारू? तुझं तू सांगशील तेव्हा सांगशील."

त्यांचा मुलगा दूर नोव्हाय नावाच्या गावात, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तो व्हिडिओ कॉलवर आईची खेचायचा. "आई, पीपल कम फॉर द रेव्होल्यूशन. तू नुसता ट्रेलर दाखवतेस, मूव्ही दाखवतच नाहीस."

"अरे, तुझ्या त्या ट्रेलरमध्ये लोकांचे जन्म गेले," मॅडम म्हणायच्या. "लग्नं झाली, भांडणं झाली. मूव्ही बघायला ते नव्हते. त्यांचं काय?"

मुलासारखंच मत आमच्या विभागप्रमुखांचंही होतं. वर्गात मुलं कमी येत होती. विभागप्रमुख भला माणूस, पण त्यांना वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की कोर्सच्या नावात क्रांती घाला, अर्धं सेमिस्टर तिला द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कोर्स कॅन्सल करावा लागेल. मॅडम म्हणाल्या, "आधी एक तास येऊन बसा. मग ठरवा."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तो तास तू घेशील."

"मॅडम, मी नाही. प्लीज. तुमचा कोर्स जाईल माझ्यामुळे."

"मी बोलले तर त्यांना वाटेल, म्हातारीचा हट्ट आहे, दोन वर्षांत रिटायर होईल, प्रश्न मिटेल. तू बोललीस तर कळेल की हे माझ्या मागेही चालणार आहे." मग म्हणाल्या, "आणि चालावं असं तुला वाटत नसेल, तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही."

मला वाटत होतं. म्हणून उभी राहिले.

मी रविवारचा बाजार घेतला. मळ्यावरून पहाटे निघालेली एक बाई, डोक्यावर टोपली, टोपलीत रताळी. ती कोणत्या वाटेने जाईल, कुठे बसेल, भाव कसा करेल, हे मुलांनी सांगायचं. मुलं रंगली. एकीने त्या बाईला खडूस बनवलं, दुसऱ्याने तिला उधारी न देणारी. मॅडम मागच्या बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मग विभागप्रमुखांनी हात वर केला.

"हे छान आहे," ते म्हणाले, "पण खरं सांगा, हिच्या रताळ्यांना महत्त्व कशामुळे आलं? पुढे जे घडलं त्यामुळेच ना? ते काढून घेतलं तर उरतं काय?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

मग मी जे बोलले ते ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, माझी आजी विदर्भातल्या एका खेड्यातली. ज्या जातीची सावलीही लोक टाळायचे, त्या जातीत ती जन्मली. ती लहान असताना आमच्या लोकांनी नागपूरला जमून तो धर्म सोडला आणि ते बौद्ध झाले. ती आमची क्रांती. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट त्या दिवसापासून सुरू होते. त्याच्या आधीचं कोणी बोलत नाही, कारण त्यात अपमान आहे असं सगळ्यांना वाटतं. पण आजीने मला एकदाच सांगितलं होतं की ती आईबरोबर मंगळवारच्या बाजाराला गवताचे भारे विकायला जायची, आणि परत येताना दोघी शेव विकत घेऊन वाटेतच संपवायच्या, घरी कोणाला कळू न देता. सांगताना ती खूप हसली होती.

"ती तेव्हा कशाच्या 'आधी' जगत नव्हती," मी म्हणाले. "ती मंगळवारच्या बाजाराला गेली होती."

मग बाईला खडूस बनवणाऱ्या मुलीने विचारलं, शेव म्हणजे काय. सगळे हसले, मीही हसले, आणि फळ्यावर शेवेचं चित्र काढून दाखवलं. विभागप्रमुख तास संपेपर्यंत बसले.

पार्किंगमध्ये मॅडमनी गाडी अनलॉक केली, पण आत बसल्या नाहीत. डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या आईने मला आधीचं काहीच सांगितलं नाही. एक गोष्टसुद्धा नाही. मग मी दुसऱ्यांचं शोधत बसले."

कोर्स टिकला. नाव तेच राहिलं. दर वर्षाऐवजी एक वर्षाआड झाला, एवढाच फरक. दोन वर्षांनी मॅडम रिटायर झाल्या आणि मुलाकडे नोव्हायला गेल्या. जाताना पुस्तकं मला देऊन गेल्या, सल्ला एकही दिला नाही. हल्ली तो वर्ग मी घेते. अजूनही आत जाण्याआधी दाराशी टिपणं दोनदा वाचते. पण आडनाव मी पहिल्याच तासाला फळ्यावर पूर्ण लिहिते.

शुक्रवारी त्यांचा फोन येतो. थंडी, सून, गुडघे हे सगळं झालं की एकच प्रश्न असतो, "कुठपर्यंत आलात?"

"रविवारचा बाजार चालू आहे, मावशी."

"मग राहू दे चालू," त्या म्हणतात. "घाई नको करू. उद्या परत मळ्यावर जायचं आहे त्यांना."